रक्तावर दया, कोपराला माफी

चौथ्या क्वार्टरचे ४७ सेकंद उरले होते आणि एक संघ दोन गुणांनी मागे होता. नवी मुंबईतली एक शालेय बास्केटबॉल स्पर्धा, सिमेंटचं कोर्ट, कलतं ऊन. मागे असलेल्या संघाचा शॉट रिंगवरून उडाला, त्यांचा सगळ्यात चांगला मुलगा रिबाउंडसाठी, म्हणजे तो परत आलेला चेंडू पकडायला, वर गेला आणि बचाव करणाऱ्याचं कोपर त्याच्या गालाच्या हाडावर बसलं. शिट्टी वाजली. पंचांनी साधा पर्सनल फाऊल दिला. समोरच्या संघाचे टीम फाऊल भरलेले होते, म्हणजे त्या क्वार्टरमधली संघाच्या फाऊलची मर्यादा संपली होती, म्हणून दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता घ्यायचे एकेका गुणाचे शॉट. तेवढ्यात मुलगा उठून उभा राहिला, तर गालावरचा ओघळ जर्सीच्या गळ्यापर्यंत आलेला. पंचांनी टेबलकडे पाहून दोन्ही हात छातीसमोर फुलीसारखे धरले, म्हणजे बदली खेळाडू द्या. आणि पालकांचा एकच गलका झाला. “मार त्याने खाल्ला आणि बाहेर पण त्यालाच काढता?” कोच पंचांपाशी जाऊन भांडू लागले. फ्री थ्रो घ्यायला बेंचवरून थंड अंगाने आलेला मुलगा उभा राहिला. एक गेला, एक रिंगला लागून बाहेर आला. सामना तीन गुणांनी गेला.

मी त्या दिवशी टेबलवर स्कोअरशीट लिहीत होते. गेली बरीच वर्षं ठाणे आणि नवी मुंबईतल्या शालेय सामन्यांना कधी टेबलवर बसते, कधी शिट्टी घेऊन उभी राहते. त्यामुळे त्या सामन्यावर नंतर जो वाद झाला तो मला टाळता आला नाही. आधी पार्किंगमध्ये, मग शाळेच्या गेटवर, मग आठवडाभर जिथे चार बास्केटबॉलवाले भेटतील तिथे. एक बाजू म्हणते, पंचांनी माणुसकी दाखवायला हवी होती, ४७ सेकंदांचा तर प्रश्न होता. दुसरी म्हणते, नियम तो नियम, हरलात म्हणून रडू नका. दोन्ही बाजू त्या रक्ताबद्दलच बोलतात. रक्त ज्याच्यामुळे आलं त्या कोपराबद्दल आठवडाभरात मी जेमतेम दोन वाक्यं ऐकली, आणि त्यातलं एक होतं, “अहो, खेळात लागतंच.”

माझं म्हणणं स्पष्ट आहे. रक्त दिसलं की खेळाडू बाहेर, यात पंचाला काडीचंही स्वातंत्र्य असू नये. आणि अखिलाडू कृतीबाबत पंचाला नियमाने जे अधिकार दिले आहेत, ते आज वापरले जातात त्याच्या कितीतरी पट जास्त वापरले गेले पाहिजेत. आपण मागणी नेमकी उलटी करतो. जिथे सवलत नको तिथे दया मागतो, जिथे कठोर व्हायचं तिथे काणाडोळा करतो.

आधी नियम नीट पाहू, कारण अर्धा वाद तो न वाचता चालला आहे. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा, म्हणजे फिबाचा नियम सांगतो की रक्त येत असलेल्या किंवा उघडी जखम असलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू द्यायलाच हवा. रक्त थांबलं आणि जखम पूर्ण, घट्ट झाकली गेली की तो परत येऊ शकतो. जखम कोणामुळे झाली, सामना किती चुरशीचा आहे, किती सेकंद उरलेत, यातलं काहीच त्या कलमात नाही. दुसरी गोष्ट, बास्केटबॉलमध्ये बदली खेळाडूंना मर्यादा नाही. फुटबॉलमध्ये बदलून बाहेर आलेला खेळाडू त्या सामन्यापुरता संपला, इथे तसं नाही. आणि तिसरी गोष्ट पालकांपैकी कोणालाच माहीत नव्हती. कोणत्याही संघाने टाइमआउट घेतला आणि तेवढ्यात मलमपट्टी होऊन रक्त थांबलं, तर त्या खेळाडूला बाहेर जावंच लागत नाही. टाइमआउट पूर्ण एका मिनिटाचा असतो. त्या संघाच्या टाइमआउटचा एक चौकोन माझ्यासमोरच्या शीटवर रिकामा होता, म्हणजे एक टाइमआउट शिल्लक होता. तो मागायची वेळ कोचने पंचांशी भांडण्यात घालवली. मला तो चौकोन दिसत होता आणि टेबलवरून बोलायचा मला अधिकार नव्हता. ती सगळी रात्र माझ्या डोळ्यांसमोर तो चौकोनच होता.

आता विरोधी मुद्द्यांकडे येते, आणि त्यातला पहिला खरोखर वजनदार आहे. खेळताना रक्तातून रोग लागण्याचा धोका अगदी नगण्य आहे, असं एक डॉक्टर पालक मला म्हणाले. ते बरोबर आहेत. अमेरिकन फुटबॉल हा बास्केटबॉलपेक्षा कितीतरी रक्तबंबाळ खेळ. त्यातल्या व्यावसायिक खेळाडूंच्या जखमा मोजून १९९५ साली संशोधकांनी अंदाज मांडला होता की सामन्यात एचआयव्ही लागण्याची शक्यता ८.५ कोटी संपर्कांत एकाहूनही कमी आहे. मग एवढ्याशा धोक्यासाठी मुलाचा सामना का घालवायचा? पण रक्तातून पसरणारा विषाणू म्हणजे एकटा एचआयव्ही नव्हे. हेपॅटायटिस बी, म्हणजे एका प्रकारच्या काविळीचा विषाणू, शरीराबाहेर निदान ७ दिवस टिकू शकतो, आणि खेळातून तो पसरल्याच्या नोंदी आहेत. जपानमध्ये एका शाळेच्या सूमो क्लबमधल्या मुलांना तो झाल्याचं १९८२ मध्ये नोंदलं गेलं. स्वीडनमध्ये १९५७ ते १९६३ या काळात जंगलातून नकाशा घेऊन धावणाऱ्या खेळाडूंमध्ये काविळीची मोठी साथ आली होती, पाचशेहून अधिक रुग्ण. झुडपांनी ओरखडलेले पाय आणि धावणं संपल्यावर एकाच पाण्यात धुतलेल्या जखमा, असा तिचा माग लागला. त्यावर उपाय काय केला? खेळाडूंची तपासणी करून काहींना बाहेर काढलं नाही. सगळ्यांनाच अंग झाकणारे कपडे सक्तीचे केले.

त्या उपायामागचा विचार मला रोगाच्या आकडेवारीपेक्षा मोठा वाटतो. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन याने ७ नोव्हेंबर १९९१ रोजी आपण एचआयव्हीबाधित असल्याचं जाहीर केलं. पुढच्या उन्हाळ्यात तो बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होता. मग त्याने एनबीएत, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, परतायचं ठरवलं आणि सरावाच्या एका सामन्यात त्याच्या हातावर एक ओरखडा आला. ओरखडाच, धड जखमही नाही. सगळं स्टेडियम त्या हाताकडे पाहत राहिलं. प्रतिस्पर्धी खेळाडूंनी भीती उघड बोलून दाखवली होती आणि काही दिवसांतच, हंगाम सुरू होण्याआधी, त्याने पुन्हा निवृत्ती घेतली. १९९६ मध्ये तो परत येऊन ३२ सामने खेळला तेव्हा कोणालाही काही झालं नाही. १९९२ मध्ये लोक रक्ताकडे पाहत नव्हते, माणसाकडे पाहत होते. ‘प्रत्येकाचं रक्त सारखंच समजा’ असं सांगणारा नियम माणसाकडे पाहण्याची गरजच संपवतो. आपल्या शाळांत कोणत्या मुलाला काय आजार आहे हे पंचाला माहीत नसतं, माहीत असूही नये. पण पंचाने एकदा “हा चांगल्या घरचा दिसतो, खेळू दे” म्हटलं, की पुढच्या सामन्यात दुसऱ्या कोणाकडे तरी पाहून “याला काढा” म्हणणं आलंच. झोपडपट्टीतल्या शाळेच्या संघाला कोपरखैरण्याच्या कोर्टवर कोणत्या नजरेने पाहिलं जातं, हे मी पाहिलं आहे. माणुसकीच्या नावाखाली पंचाच्या हातात निवड दिली, तर तिची किंमत कोणत्या मुलांना मोजावी लागेल हे मला वेगळं सांगायला नको.

दुसरा मुद्दा भावनेचा आहे आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तो माझ्यातही आहे. रक्त सांडूनही मागे न हटणारा माणूस आपल्याला लहानपणापासून पूज्य आहे. जुलै १६६० मध्ये घोडखिंडीत बाजीप्रभू जखमांनी भरलेल्या अंगाने उभे राहिले, हे महाराष्ट्रातल्या कुठल्या मुलाला सांगावं लागतं? २००२ मध्ये अँटिग्वाला तुटलेला जबडा बांधून अनिल कुंबळे १४ षटकं टाकत राहिला, लाराला पायचीत केलं, तो दिवस आठवला की आजही गळा दाटतो. मग सोळा वर्षांच्या मुलाला गालावरच्या चिरेसाठी बाहेर बसवणं हा त्याच्या जिद्दीचा अपमान नाही का? मला वाटतं, या गोष्टी आपण अर्ध्याच ऐकल्या आहेत. बाजीप्रभूंनी राजे विशाळगडावर पोचावेत म्हणून खिंड अडवली. त्या रक्ताला एक काम होतं, आणि ते दुसऱ्या कोणी करण्यासारखं नव्हतं. कुंबळे डोक्याभोवती पट्टी बांधून मैदानात उतरला होता, उघडी जखम घेऊन नव्हे, आणि तो निर्णय घेणारा एक जाणता पुरुष होता. १७६० च्या जानेवारीत बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे “बचेंगे तो और भी लडेंगे” म्हणाले असं आपण अभिमानाने सांगतो. त्या वाक्यातला ‘बचेंगे तो’ आपण कधी ऐकला आहे का? पट्टी बांधून परत येणाऱ्या मुलाची जिद्द कशी कमी होते, हे मला कोणी समजावून सांगावं.

तिसरा मुद्दा मात्र असा आहे की तो ऐकला तेव्हा मी काही वेळ गप्प बसले. मार देणारा कोर्टवर राहतो, मार खाणारा बाहेर जातो. म्हणजे समोरच्या संघाचा चांगला खेळाडू शेवटच्या मिनिटाला काढायचा असेल तर त्याच्या तोंडावर कोपर मारणं हाच सोपा मार्ग, आणि नियम तुम्हाला मदत करणार. हे खोटं आहे असं मी म्हणू शकत नाही. एका पालकांनी उपायही सुचवला. जखमी मुलगा परत येईपर्यंत मारणाऱ्यालाही बाहेर बसवा. ऐकताना हे न्याय्य वाटतं, आणि त्याला या खेळाच्या जन्माइतका जुना आधारही आहे. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथने १३ नियम लिहिले. त्यात खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाय घालणं, मारणं हे सगळं फाऊल होतं. दुसऱ्यांदा केलं तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर, आणि इजा करण्याचा हेतू उघड असेल तर सगळ्या सामन्यासाठी बाहेर, तेही बदली खेळाडू न देता. हा खेळच मुळात धक्काबुक्की टाळण्यासाठी शोधला गेला. तरीही काही वर्षांत व्यावसायिक सामने तारेच्या आणि दोरीच्या जाळ्यांत खेळले जाऊ लागले, खेळाडू जाळीवर आपटून कापले जाऊ लागले आणि प्रेक्षक त्यासाठी पैसे मोजू लागले.

पण नेस्मिथचा नियम नीट वाचा. त्यात शिक्षा कृतीला आहे, हेतूला आहे. रक्त आलं की नाही याचा त्यात उल्लेखच नाही. ज्या दिवशी आपण रक्ताला किंमत देऊ, त्या दिवशी रक्त काढलं जाईल. हा माझा तर्क नाही, हे घडून गेलं आहे. एप्रिल २००९ मध्ये लंडनला हार्लेक्विन्स आणि लेन्स्टर यांच्यात युरोपियन रग्बीचा उपांत्यपूर्व सामना होता. रग्बीत बदलून बाहेर गेलेला खेळाडू एरवी परत येऊ शकत नाही, पण कोणाला रक्त आलं तर त्याच्या जागी येऊ शकतो. हार्लेक्विन्सला किक मारणारा आपला खेळाडू परत हवा होता. टॉम विल्यम्स नावाच्या खेळाडूने नकली रक्ताची कॅप्सूल तोंडात चावली आणि तोंड लाल करून बाहेर आला. चौकशी होणार हे दिसताच त्याच्याच सांगण्यावरून संघाच्या डॉक्टरने त्याचा ओठ खरोखर कापला. सामना ते ६-५ असा हरलेच, आणि प्रशिक्षकावर तीन वर्षांची बंदी आली. एका प्रौढ, व्यावसायिक, श्रीमंत क्लबमध्ये हे झालं. आपल्या तालुक्याच्या, जिल्ह्याच्या स्पर्धांत, जिथे जिंकलेल्या संघाच्या मुलांचे क्रीडागुण, म्हणजे परीक्षेत मिळणारे वाढीव गुण, पणाला लागलेले असतात, तिथे ‘रक्त आलं तर समोरचाही बाहेर’ असा नियम आला तर महिनाभरात कोणीतरी नखाने जुनी खपली उकरेल. मला हे बोलताना वाईट वाटतं, पण मी बेंचवरची कुजबुज ऐकलेली आहे.

फसवणुकीचा छोटा अवतार तर आजही आहेच. टाइमआउट संपले की एखादा मुलगा पिंडरी धरून खाली बसतो, त्याच्याभोवती सगळा संघ जमतो आणि कोच पुढचा डाव सांगून घेतो. त्याला उत्तर नियमात आहे. खेळाडू साधारण १५ सेकंदांत उठून खेळायला तयार झाला नाही, किंवा त्याच्यावर उपचार झाले, तर त्याला बदलावंच लागतं. फुकटचा टाइमआउट हवा असेल तर खेळाडू गमवा. ज्या कठोरपणामुळे गालावर चीर पडलेला तो मुलगा बाहेर गेला, तोच कठोरपणा या नाटकाला रोखतो. एकाला सवलत दिली की दुसऱ्यालाही ती द्यावी लागणार.

मग मार खाणाऱ्याला न्याय कुठे? अनस्पोर्ट्समनलाइक फाऊलमध्ये. चेंडू खेळण्याचा प्रामाणिक प्रयत्न नसलेला संपर्क, किंवा प्रयत्न असला तरी गरजेपेक्षा जास्त जोराचा संपर्क, हे त्यात येतं. त्याला दोन फ्री थ्रो आणि वर चेंडू पुन्हा त्याच संघाला. असे दोन झाले की खेळाडू सामन्यातून बाद. नुसती कोपरं जोरात फिरवली, लागली नाहीत, तरी टेक्निकल फाऊल, म्हणजे धक्का न लागताही गैरवर्तनासाठी दिला जाणारा फाऊल, देता येतो. समोरच्याच्या डोळ्यांसमोर हात हलवणं, बास्केटमधून आलेला चेंडू मुद्दाम ढकलून वेळ काढणं, मार लागल्याचं सोंग करणं, या सगळ्याला टेक्निकल आहे. हत्यारं भरपूर आहेत. पण मी पाहिलेल्या शालेय सामन्यांत पंच ती बाहेर काढायला कचरतात, कारण त्यांना वाटतं की अनस्पोर्ट्समनलाइक म्हणणं म्हणजे त्या मुलाला वाईट म्हणणं. “त्याने मुद्दाम नाही मारलं हो” हे वाक्य प्रत्येक वेळी पुढे येतं, आणि पंच मागे सरकतो.

इथेच सगळा घोळ आहे. पंचाने पाहायची असते कृती. मन वाचायचं काम त्याचं नाही. क्रिकेटमध्ये याच घोळात आपण ७५ वर्षं घालवली. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीला विनू मंकड यांनी गोलंदाजी करताना, चेंडू टाकण्याआधीच आपल्या टोकाची क्रीझ सोडलेल्या बिल ब्राउनला धावबाद केलं. ते नियमात होतं. तरी त्यांचं नाव जगभर एका प्रकारच्या लबाडीला चिकटलं, कारण सगळे गोलंदाजाचं मन तपासत बसले. फलंदाजाचा पाय कुठे होता हे कोणी पाहिना. अखेर २०२२ मध्ये क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या एमसीसीने ती तरतूद ‘अनुचित खेळ’ या कलमातून काढून साध्या धावबादच्या कलमात नेली. आपल्याकडे उलट होतं. सामना संपत आला असताना घड्याळ थांबवायला कोणी हातावर हलका फाऊल केला, तर पालक “हे काय खिलाडूपण आहे का” म्हणून उठतात. तो डाव आहे, आणि चेंडूसाठी हात टाकून केला असेल तर त्याची किंमत फ्री थ्रोमध्ये चुकती होते. आणि तोंडावर बसलेल्या कोपराला “लागतंच”. ज्या मुलाने कोपर मारलं तो दुष्ट आहे असं मी मुळीच म्हणत नाही. बहुधा त्याने रिबाउंडसाठी जागा धरायला हात उघडला आणि तो खांद्याच्या वर गेला. तो चांगला मुलगा असेलही. फाऊल तरीही अनस्पोर्ट्समनलाइकच होता, आणि तो दिला असता तर तो चांगला मुलगा पुढच्या वेळी कोपर खाली ठेवायला शिकला असता.

आयोजकांबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण त्यांच्यावर कोणीच आवाज चढवला नाही. आपल्याकडे बहुतेक सामने सिमेंटच्या उघड्या कोर्टवर होतात. पावसाळ्यानंतर पृष्ठभाग खरखरीत होतो, पडलं की गुडघा सोलणारच. कोपरापेक्षा कितीतरी जास्त रक्त मी गुडघ्यांतून येताना पाहिलं आहे. म्हणजे मलमपट्टीची गरज दर सामन्याला पडणार हे ठरलेलं. आणि टेबलवर काय असतं? त्या दिवशीच्या पेटीत एक क्रेप बँडेज, बर्फाचा संपलेला स्प्रे आणि तळाला सुकलेली बेटाडिनची बाटली होती. गॉज आणि चिकटपट्टी एका आईने गाडीतून आणून दिली, तोवर सामना संपत आला होता. दुसऱ्या एका ठिकाणी मी कँटीनमधून हळद आणलेली पाहिली आहे. ती मायेने आणली होती, पण हळद लावलेली जखम नियमाच्या दृष्टीने झाकलेली नसते. हातमोजे तर मी क्वचितच पाहिले. उघड्या हातांनी मुलाचं रक्त पुसणारे शिपाईमामा प्रत्येक शाळेत आहेत, आणि त्यांना हेपॅटायटिसची लस मिळाली आहे का हे कोणी विचारलेलं नाही. कोर्टवर सांडलेले थेंब बुटाने घासले जातात. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, एवढं मिश्रण एका बाटलीत ठेवायला काय लागतं? टेबलवर गॉज, टेप, हातमोजे आणि ती बाटली असती आणि टाइमआउट मागितला गेला असता, तर तो मुलगा मिनिटभरात गालावर पट्टी लावून स्वतःचे फ्री थ्रो स्वतः घ्यायला उभा राहिला असता. रक्ताचा नियम जसाच्या तसा पाळूनही.

सामना संपल्यावर शीटवर सह्या चालू होत्या तेव्हा तो टेबलपाशी आला. गालावर गॉज, जर्सीवर वाळलेला डाग. आईबाबा मागे अजून पंचांबद्दल बोलत होते. त्याने बाहेर काढल्याबद्दल एक शब्द काढला नाही. शीटकडे बोट दाखवून विचारलं, “मॅडम, तो फाऊल साधा कसा?” मी समोरच्या संघाच्या रकान्यात पाहिलं. तिथे मी माझ्या हाताने ‘पी २’, म्हणजे पर्सनल फाऊल आणि दोन फ्री थ्रो, असं लिहिलं होतं, पंचांनी खुणेने सांगितलं तसं. ‘यू २’, म्हणजे अनस्पोर्ट्समनलाइक, असतं तर एक फ्री थ्रो हुकल्यावरही चेंडू त्यांच्याच हातात राहिला असता, एका गुणाचं अंतर आणि ४७ सेकंद. “साधा नव्हता,” मी म्हणाले. त्याने मान हलवली आणि बॅग उचलली.